पाहुण्याच्या गालावरचा चिखल

पासपोर्टकाकांनी जन्मात पहिल्यांदा ज्या जंगली पक्ष्याचा फोटो काढला, त्या बगळ्याला त्यांनी आधी सांगितलं, "हनुवटी जरा खाली. हं. आता हलू नका." बगळा हलला नाही. बगळे तसेही हलत नाहीत; उभं राहणं हाच त्यांचा धंदा. पण काकांचा समज झाला की हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि पुढचं सबंध वर्ष त्यांनी जो मनस्ताप भोगला त्याला तो एक शहाणा बगळा जबाबदार आहे.

हा उद्योग काकांनी हौसेने आरंभला असं मात्र कोणी समजू नये. हौस काकांना झेपत नसे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. एक स्टूल, दोन दिवे, मागे पांढरा पडदा आणि कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून दोरीने बांधलेला कंगवा. त्यांच्या फोटोंवर माणसं परदेशी गेली, नोकरीला लागली, परीक्षेला बसली आणि नापासही झाली. काका स्वतः घरातून दुकानात आणि दुकानातून घरात, यापलीकडे कुठे गेले नाहीत. त्यांचं खरं नाव गल्ली कधीच विसरली होती. मधूनमधून तेही विसरत.

फोटो काढणं ही काकांच्या लेखी निम्मी कला. उरलेली निम्मी पुसण्यात. मुरूम, वांग, जुने व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, रात्रभर भांडल्याच्या खुणा, सगळं काका संगणकावर बसून हलक्या हाताने पुसून टाकत. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस दहा वर्षांनी लहान आणि थोडासा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसे. एकदा एका बाईंनी चुकून आपला न पुसलेला फोटो पडद्यावर पाहिला आणि त्या स्टुलावरच रडायला लागल्या. तेव्हापासून काकांनी नियम केला. पुसलेला फोटो मूळ फोटोवरच जतन करायचा आणि दुकानाचं शटर ओढण्याआधी कॅमेरा कोरा करायचा. माणसाचा मूळ चेहरा जगात शिल्लक ठेवायचा नाही, ही काकांची व्यवसायनिष्ठा होती.

आता अशा माणसाने पक्ष्यांच्या नादी लागायचं कारण काय? कारण काकू.

काकूंच्या कंबरेचं हाड मोडलं, ते जुळलं, पण जिने काही पुन्हा जमले नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हा काकूंची खुर्ची मागच्या खिडकीशी आली आणि तिथेच राहिली. खिडकीखाली एक तळं होतं. तळं म्हणजे त्याचा मान वाढवणं झालं. पालिकेच्या कागदावर ती 'सखल जागा' होती. पण काकू सकाळी डोळे उघडल्यापासून तिथेच बघत. लेकीने पाठवलेली दुर्बीण डोळ्याला लावून कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, याची त्यांना इत्थंभूत माहिती असे. काका जेवायला घरी आले की काकू त्यांना गल्लीतली नव्हे तर तळ्यातली बातमी सांगत. काका "हो का?" म्हणत आणि जेवत.

मग एक दिवस तळ्याच्या काठावर पालिकेचा फलक लागला. सखल जागा भरून तिथे वाहनतळ होणार. खाली बारीक अक्षरात असंही होतं की दुर्मिळ पाहुण्या पक्ष्यांचा इथला वावर कोणी वर्षभराच्या छायाचित्रांनिशी सिद्ध केल्यास निर्णयाचा फेरविचार होईल. काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकूंनी दुर्बीण खाली ठेवली.

"मग मी दिवसभर बघू कुठे?" त्यांनी विचारलं.

तक्रार नव्हती, साधा प्रश्न होता. काका म्हणाले, "मी काढतो फोटो."

काका फोटो काढायला निघाले ही बातमी जिन्यातून खाली पोचण्याआधीच सल्ले वर आले. तळमजल्यावर निवृत्त बँकवाले राहत. त्यांची नवी कोरी गाडी तळ्याकाठच्या झाडाखाली उभी असे आणि पक्षी तिच्यावर रोज आपलं मत नोंदवून जात. वाहनतळ व्हावा म्हणून पालिकेत सगळ्यात जास्त खेटे त्यांनीच घातले होते. पण सल्ला देताना ते आपला स्वार्थ मधे येऊ देत नसत, हा त्यांचा मोठेपणा.

"पासपोर्ट, हे कपडे चालायचे नाहीत," ते म्हणाले. "हिरवं घाला. नखशिखांत. पक्ष्याला वाटलं पाहिजे की झुडूप आहे."

काकांकडे हिरवं काहीच नव्हतं. शेवटी काकूंनी जुनी हिरवी चादर काढून दिली. ती डोक्यावरून घेऊन काका काठाशी बसले. पक्ष्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नाही, पण गल्लीतल्या कुत्र्याला मात्र ते झुडूपच वाटलं, आणि कुत्रा झुडपाशी जसा वागतो तसा तो वागला. बँकवाले खिडकीतून ओरडले, "हलू नका! फार छान जमलंय!"

चादर धुऊन झाल्यावर काकांनी स्वतःच्या अकलेने चालायचं ठरवलं. ती अक्कल स्टुडिओत वाढलेली. पाठीमागे गवत, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या असा गबाळेपणा त्यांना बघवेना. म्हणून बदकं जिथे बसत त्या ओंडक्यामागे त्यांनी दोन काठ्या रोवून पांढरा पडदा ताणून लावला. सरकारी काम आहे, पार्श्वभूमी पांढरीच हवी. पडदा लागला आणि तळ्यावर शुकशुकाट झाला. काकूंनी दुकानात फोन केला.

"अहो, इथे कोणी मेलंय का? एकही पक्षी नाही."

"पडदा लावलाय गं. येतील सवय झाली की."

"तो काढा आधी. माझीसुद्धा ओळख पटेना तळ्याशी."

पडदा काढायला काका पाण्यात उतरले आणि मांडीपर्यंत गाळात रुतले. त्यांना बाहेर ओढायला बँकवाले, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि एक सायकलवाला असे तिघे लागले. डॉक्टरांनी धंद्यातलं कसब वापरून "आता जरा दुखेल हं" असं म्हटलं आणि हिसका दिला. काका निघाले. बूट राहिला.

या सगळ्यापेक्षा पालिका अवघड. उद्यान विभाग म्हणाला, पक्षी पाण्यावर येतात, पाणी विभागाकडे जा. पाणी विभाग म्हणाला, ते पिण्याचं पाणी नव्हे, आणि तुमचे पक्षी पाण्यात उगवतात का? आरोग्य विभागाने काकांना दोन तास बसवून जीभ तपासली, कारण ते चुकीच्या रांगेत बसले होते. अखेर त्यांची रवानगी 'भटकी जनावरे' विभागात झाली. तिथे भिंतीवर कुत्री पकडायच्या जाळ्या टांगलेल्या आणि त्यांच्याखाली एक लिपिक, स्वतःच पकडून आणल्यासारखा खिन्न बसलेला.

"पक्षी इथले रहिवासी की तात्पुरते?" लिपिकाने विचारलं.

"पाहुणे आहेत."

"कोणाकडचे?"

लिपिकाने 'मालक अज्ञात' असं लिहून घेतलं आणि सांगितलं की प्रत्येक ऋतूत फोटो आणून द्यायचे, ते पक्षीतज्ज्ञ बाई बघतील, बाई म्हणतील ते खरं.

काका दर ऋतूत फोटो नेऊ लागले. उन्हाळ्यात तळं आटून टीचभर झालं तेव्हा तापलेल्या काठावर बसून बसून त्यांच्या टकलाची सालं निघाली. पावसाळ्यात छत्री एका हातात आणि कॅमेरा एका हातात, त्यामुळे चष्मा पुसायला हातच नाही. त्या मोसमातले निम्मे फोटो काठच्या झुडपांचे आहेत. दुकानाचं शटर दिवसातून इतक्या वेळा खाली-वर व्हायचं की माणसं फोटोसाठी दुसऱ्या गल्लीत जाऊ लागली. आणि दर वेळी पक्षीतज्ज्ञ बाईंचा एकच निरोप: फोटो अतिशय सुंदर आहेत, पण हे सगळे नेहमीचेच. दुर्मिळ पाहुणा कोणी नाही.

"सुंदर आहेत म्हणाल्या का?" काकू विचारत.

"अतिशय सुंदर," काका सांगत. उरलेलं वाक्य ते जिन्यातच सोडून येत.

एक गोष्ट मात्र घडत होती आणि तिचा उल्लेख काकांनी कोणाजवळ केला नसता. जेवताना ते आता "हो का?" म्हणत नव्हते. "कुठला? तो आखूड शेपटीचा?" असं विचारत होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांना बोलायला विषय मिळाला होता, आणि तो पालिका बुजवणार होती.

हिवाळा सरत आला. मुदत संपायला आली. काका दुकानात एका गृहस्थांचा फोटो काढत होते, दोन्ही कान दिसत होते, हनुवटी बेताची होती, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, या. आत्ता या." काकूंचा आवाज असा काकांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "एक नवा आलाय. एकटाच आहे. आपल्यातला नाही तो, त्याची चालच वेगळी आहे."

काका गृहस्थांना "हलू नका" म्हणाले आणि कॅमेरा घेऊन पळाले. गृहस्थ बिचारे बराच वेळ हलले नाहीत असं पुढे कळलं.

काठाच्या चिखलात मूठभर आकाराचा एक तपकिरी पक्षी होता. दोन पावलं धावायचा, थबकायचा आणि एक पाय चिखलात थरथरवायचा. काका या वेळी चादरीशिवाय, पडद्याशिवाय, सल्ल्याशिवाय पालथे झोपले. श्वास रोखला. पक्ष्याने मान वळवून थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि काकांनी बटण दाबलं. एवढा चांगला फोटो त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. उठून बघतात तो पक्षी उडालेला, पण कॅमेऱ्यात तो होता, डोळ्यातल्या चमकेसकट.

दुकानात येऊन त्यांनी फोटो पडद्यावर मोठा केला. पाहुणा देखणा होता. फक्त डोळ्याखाली, गालावर, एक काळा ठिपका होता. चिखल उडाला असणार. एवढ्या लांबून आलेला पाहुणा, सरकारदरबारी जायचा, आणि असा बरबटलेल्या तोंडाने? काकांचा हात आपोआप गेला. त्यांनी गाल स्वच्छ केला, पोटाकडचा रंग जरा उजळ केला, मूळ फोटोवर जतन केलं, कॅमेरा कोरा केला आणि शटर ओढलं. त्या संध्याकाळी ते शीळ घालत जिना चढले.

काकूंनी फोटो बराच वेळ हातात धरला.

"याच्या डोळ्याखाली काळं होतं ना हो?"

"चिखल गं. पुसला."

"असेल," काकू म्हणाल्या. फोटोतलं आपल्याला काय कळतंय, असं त्यांना वाटलं असावं.

पक्षीतज्ज्ञ बाई या वेळी स्वतः भटकी जनावरे विभागात आल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. मग पुन्हा पाहिला आणि पुन्हा बसल्या.

"कसं आहे," त्या म्हणाल्या, "यांच्यात दोन जाती आहेत. अगदी सख्खे भाऊ वाटतील अशा. एक दर हिवाळ्यात थव्यांनी येतो, त्याचं कोणाला कौतुक नाही. दुसरा इकडे येतच नाही. आला तर वाट चुकूनच. फरक म्हटला तर एवढाच, की त्या दुसऱ्याच्या डोळ्याखाली काळा डाग असतो. याला नाहीये."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"होता," ते म्हणाले.

"काय होता?"

"डाग. मला वाटलं चिखल आहे. मी पुसला."

"पक्ष्याचा?"

"फोटोतला."

खिन्न लिपिकाच्या चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच जिवंतपणा आला. "म्हणजे पुराव्यात फेरफार!"

"फेरफार कसला हो? सफाई."

"मूळ फोटो आणा."

"मूळ आम्ही ठेवत नाही," काका म्हणाले, आणि सांगायला दुःख होतं, पण त्या क्षणीही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते घाईघाईने म्हणाले, "पण त्यात काय! मी डाग परत लावून देतो. पाच मिनिटांचं काम. जसाच्या तसा."

लिपिकाने अनेक लबाड पाहिले असतील, पण लबाडीला किती वेळ लागेल तेही सांगणारा हा पहिलाच असावा. बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "बाकीच्या फोटोंतही काही पुसलंय का?"

इथे एखाद्याने नाही म्हटलं असतं. काका म्हणाले, "विशेष नाही. बगळ्याच्या पायाचा गाळ. बदकाच्या चोचीवरचा ओरखडा. घारीची पिसं विस्कटली होती, ती जरा बसवली." वर्षभराचा सगळा पुरावा लिपिकाने एका झटक्यात रद्द केला आणि जाळीखाली ठेवून दिला.

जिना चढताना काकांना लाज वाटत होती, साधी, ढळढळीत लाज. काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत असणार?" आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. आपण केलंय ते इतक्या सहज माफ होण्यासारखं नाही, हे काकांना त्यांच्या पाठीकडे बघताना कळत होतं.

दोन दिवसांनी बाई स्वतः तीन जिने चढून घरी आल्या. काकूंच्या शेजारी स्टूल टाकून दिवसभर बसल्या. पाहुणा पुन्हा आला नाही. काकूंनी त्याची चाल सांगितली: दोन पावलं धावणं, थबकणं आणि मग बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलेली ती पायाची थरथर. गालाचा डाग किती, कुठे, तेही सांगितलं. बाईंनी त्यांचा हात धरला.

"तोच होता. मला पटलं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या नुसत्या पटण्यावर शिक्का बसत नाही हो. फोटो लागतो."

"आमच्याकडे फोटोग्राफर आहे ना," काकू म्हणाल्या आणि हसल्या. काका चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

मुदत संपली. डंपर आले. तळं भरायला काका समजत होते त्याहून फारच कमी वेळ लागला. काकू सगळं बघत बसल्या. पक्षी दोन-चार दिवस वरून घिरट्या घालून बघून गेले, मग तेही थांबले. बँकवाल्यांची गाडी पहिल्याच दिवशी आत उभी राहिली. त्यांनी जिन्यात काकांना गाठून सांगितलं, "मी तेव्हाच म्हणणार होतो, मूळ प्रत नेहमी जपून ठेवावी. बँकेत आम्ही तसंच करायचो." काकांनी मान डोलावली.

मग एका सकाळी खुद्द लिपिक दुकानात आला. पालिकेला वाहनतळाची भिंत सुशोभित करायची होती. साहेबांनी काकांचे फोटो पाहिले होते. "साहेब म्हणाले, इतके स्वच्छ पक्षी आजवर पाहिले नाहीत. भिंतभर छापायचेत. खाली तुमचं नावही येईल." आयुष्यभर काकांचे फोटो कागदांच्या कोपऱ्यात चिकटले होते आणि त्यांच्या डोक्यावर कोणीतरी शिक्का मारला होता. भिंतभर मोठा फोटो, आणि खाली नाव. काकूंना विचारायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण काकू कशाला नाही म्हणतील, असंही मनात आलं. त्यांनी फोटो देऊन टाकले.

भिंत नेमकी खिडकीसमोर होती. कामगारांनी सबंध दिवस खपून चित्रं चढवली आणि संध्याकाळी वरची कापडं ओढली. पांढराशुभ्र बगळा, नीटनेटकी घार, आणि मधोमध, दोन मजले उंच, पाहुणा. गोरापान, गुळगुळीत, गालावर काही नाही. ओळीने उभ्या गाड्यांवरून तो सरळ काकूंच्या खुर्चीकडे बघत होता.

काका त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आले. दारातच थबकले. काकू भिंतीकडे बघत होत्या.

"खाली नाव टाकलंय माझं," काका म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं. "पूर्ण नाव."

"वाचलं," काकू म्हणाल्या. "छान आलंय."

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "अहो, ही खुर्ची जरा आतल्या खोलीत घेता का?"

"का गं? ऊन येतंय?"

"नाही," काकू म्हणाल्या. "बघून झालं."

काकांनी एका हाताने काकूंना धरलं, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली आणि दोघं सावकाश आतल्या खोलीत गेली. तिथे खिडकी नव्हती.